सर्टिफिकेट कामाचे, रोगाचे नव्हे

गेल्या महिन्यातली गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस असल्यामुळे दवाखान्यात गर्दी होती. एक तरुण सकाळपासून कोपऱ्यातल्या बाकावर बसून होता. नंबर आला की मागच्याला पुढे सोडायचा. शेवटचा पेशंट गेल्यावर तो आत आला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, नवीन कंपनीचा फॉर्म आहे. फिटनेसची सही हवी होती."

फॉर्म नेहमीचाच होता. उंची, वजन, ब्लडप्रेशर, नजर, हर्निया आहे का, फिट येते का. आणि अगदी तळाशी एक ओळ छापलेली : एच.आय.व्ही. – पॉझिटिव्ह / निगेटिव्ह. जे असेल त्यावर खूण करावी.

हा तरुण माझा जुना पेशंट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पाच वर्षांपूर्वी त्याला एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे निदान झाले. जिल्हा रुग्णालयाच्या ए.आर.टी. सेंटरमधून तो औषध आणतो आणि रोज रात्री न चुकता गोळी घेतो. त्याच्या मागच्या तपासणीत रक्तातील विषाणू मोजता येण्याच्या पातळीच्याही खाली गेलेले आढळले. वजन चौसष्ट किलो. लेथ मशीनवर आठ तास उभा राहून काम करतो.

"खोटं लिहा असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण खरं लिहिलं की नोकरी गेली."

वाचकहो, या सदरात आपण एरवी मधुमेह, दमा, मुलांचे लसीकरण अशा विषयांवर बोलतो. आज मात्र मी तुम्हाला चार पावले कोर्टात नेणार आहे. डॉक्टरांचा आणि कोर्टाचा काय संबंध, असे कोणी विचारेल. पण आजारपणावरून नोकरी नाकारण्याचे किंवा काढून घेण्याचे जे खटले आपल्या देशात गाजले, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात कोर्टात झालेली नाही. ती झाली डॉक्टरांच्या टेबलावर, अशाच एखाद्या छापील फॉर्मपासून.

माझी चूक

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. १९९८ साल. दवाखाना टाकून मला दोनच वर्षे झाली होती. तालुक्याजवळच्या एका कारखान्याने हंगामी मुलांना कायम करण्याआधी तपासणीसाठी माझ्याकडे पाठवले. मुले अकरा. रक्ताच्या तपासण्यांची यादी कारखान्यानेच दिली होती आणि तिच्यात एच.आय.व्ही. होते. त्या मुलांना मी विचारले नाही आणि समजावूनही सांगितले नाही. सुई टोचली, रक्त घेतले.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आले. दहा जणांचे ठीक होते. संध्याकाळी मॅनेजरांचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, सगळे ओके ना?"

मी म्हणालो, "एकाचं जरा वेगळं आहे."

एवढेच बोललो. नाव त्यांनी विचारले आणि मी सांगितले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला त्या मुलाला गेटवरच अडवले. आपल्याला काय झाले आहे, हे त्याला डॉक्टरांकडून नव्हे, तर गेटवरच्या वॉचमनकडून कळले. दोन दिवसांनी तो दवाखान्यात आला. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला आधी सांगायचं होतं."

पुढे त्याने गाव सोडले. त्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

त्या काळी मी मनाची समजूत घातली की कारखान्यातल्या इतरांचे भले केले. प्रत्यक्षात वैद्यकशास्त्राने तेव्हाही ठामपणे सांगितलेले होते की हा विषाणू शेजारी बसून, एका माठातले पाणी पिऊन, एका डब्यात जेवून, हस्तांदोलनाने, डासांमुळे किंवा एकच संडास वापरल्याने पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि बाधित आईकडून बाळाला. ते मी पुस्तकात वाचले होते. फोन उचलताना मात्र विसरलो.

मुंबईचा निकाल

मला न कळलेली आणखी एक गोष्ट होती. माझ्या त्या फोनच्या एकच वर्ष आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिलेला होता. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला 'एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.' या नावाने ओळखला जातो. ही खरी नावे नव्हेत. अर्जदाराचे नाव फुटले तर खटला जिंकूनही तो समाजात हरेल, हे ओळखून न्यायालयाने त्याला नाव झाकून दाद मागण्याची परवानगी दिली. आजारी माणसाला न्याय मागता यावा यासाठी आधी त्याची लाज राखली पाहिजे, हे त्या न्यायमूर्तींना कळले होते.

एम.एक्स. हा एका सरकारी महामंडळात हंगामी मजूर होता. वैद्यकीय तपासणीत त्याला एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे दिसले. बाकी सर्व बाबतींत तो कामाला योग्य होता, म्हणजे अंगात ताकद होती आणि काम येत होते. तरीही त्याला कामावरून कमी करण्यात आले. असा माणूस उद्या आजारी पडेल, त्याचा खर्च आणि भार आमच्यावर कशाला, असा मालकांचा एकंदर विचार होता.

न्यायालयाने तो मान्य केला नाही. निकालाचा सारांश आपल्या भाषेत सांगायचा तर असा : माणूस आज त्याचे नेमून दिलेले काम करू शकतो का, आणि कामाच्या ठिकाणी त्याच्यामुळे इतरांना खराखुरा धोका आहे का, एवढेच पाहायचे. तेही त्या एका माणसाची नीट तपासणी करून. अमुक रोग आहे म्हणून सरसकट दार बंद करणे हे राज्यघटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांशी, म्हणजे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काशी, विसंगत आहे. निवृत्तीच्या वयापर्यंत टिकेल याची खात्री असेल तरच कामावर घेऊ, अशी निष्ठुर भूमिका सरकारी संस्थेला घेता येणार नाही. ज्याला औषधपाण्यासाठी पैशाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचीच कमाई तोडणे म्हणजे त्याला आर्थिकदृष्ट्या मारून टाकणे होय.

एम.एक्स.ला पुन्हा कामावर घेण्याचा आणि बुडालेल्या कमाईपोटी चाळीस हजार रुपये देण्याचा आदेश झाला.

हा निकाल पुढे अनेकांना उपयोगी पडला. २०२३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका जवानाचे प्रकरण आले. एच.आय.व्ही.मुळे त्याची बढती रोखली होती. केवळ एवढ्या कारणावरून बढती नाकारणे हा भेदभाव आहे, असे त्या न्यायालयानेही सांगितले.

एका बाईंचा फॉर्म

हा प्रश्न एका रोगापुरता नाही. आता थोडे मागे जाऊ. १९८९ साली दिल्लीत एका बाईंना आयुर्विमा महामंडळात असिस्टंटची नोकरी लागली. नोकरीआधी त्यांना एक फॉर्म भरून द्यावा लागला. त्यात विचारले होते : पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची पाळी कधी आली, आतापर्यंत किती वेळा दिवस गेले. महामंडळाच्या लेडी डॉक्टरांनी त्यांना तपासून योग्य ठरवले. पुढे बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्या रजेवर असतानाच, प्रोबेशनच्या काळात, त्यांना काढून टाकण्यात आले. पाळीची तारीख खोटी लिहिली, असे कारण नंतर कोर्टात पुढे आले.

दिल्ली उच्च न्यायालयात बाई हरल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तो निर्णय फिरवला, त्यांना नोकरीवर परत घ्यायला लावले आणि महामंडळाला सांगितले की असले रकाने फॉर्ममधून काढून टाका. स्त्रीची लज्जा आणि स्वाभिमान यांना धक्का लावणारे हे प्रश्न आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मी डॉक्टर म्हणून या निकालाकडे पाहतो तेव्हा मला साधी गोष्ट दिसते. पाळीची तारीख मी पेशंटला रोज विचारतो. पोटात दुखत असेल, गोळी द्यायची असेल, एक्स-रे काढायचा असेल, तर विचारलीच पाहिजे. तिथे तो औषधोपचाराचा प्रश्न असतो. तोच प्रश्न मालकाच्या फॉर्मवर छापला की औषधाशी त्याचा संबंध संपतो आणि ती चौकशी होते. प्रश्न तोच, पण कोण विचारतो आणि कशासाठी विचारतो यावर त्याचा अर्थ बदलतो.

पाय गेला, नोकरी राहिली

तिसरा खटला एका जवानाचा. सीमाभागात काम करणाऱ्या केंद्रीय दलातील या शिपायाच्या पायाला कामावर असताना दुखापत झाली, पुढे गँगरीन झाले आणि डावा पाय कापावा लागला. वैद्यकीय मंडळाने 'अनफिट' ठरवले आणि दलाने घरी बसवले. अपंगत्वाची पेन्शन मिळतेच आहे, आणखी काय हवे, असा युक्तिवाद झाला.

२००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही. तो पूर्वीचे काम करू शकत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्या. दुसरी जागा रिकामी नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद ठेवा. तो जुना कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि सरकारी आस्थापनांसाठी हीच तरतूद त्यातही आहे. या नव्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. कुष्ठरोगातून बरे झालेले, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे रुग्ण यांचाही त्यात समावेश आहे. आपल्याकडे अनेकांना हे माहीत नसते.

वैद्यकीय मंडळाने त्या जवानाबद्दल जे लिहिले ते खोटे नव्हते. एका पायावर गस्त घालता येत नाही. पण 'गस्तीला अनफिट' आणि 'नोकरीलाच अनफिट' यांत फरक आहे. टेबलाशी बसून नोंदवही लिहायला दोन पाय लागत नाहीत.

मग 'अनफिट' कधीच लिहू नये का?

असा गैरसमज कृपया करून घेऊ नका. कोर्टानेही तसे म्हटलेले नाही. ज्याला वरचेवर फिट येते त्याने एस.टी. चालवू नये. तिथे प्रश्न पन्नास प्रवाशांच्या जिवाचा आहे, आणि मी तसे लिहीनच. पण तोच माणूस डेपोच्या ऑफिसात तिकिटांचा हिशेब ठेवू शकेल, हेही मला त्याच कागदावर लिहिता येते.

थुंकीत जंतू सापडलेल्या क्षयरोग्याने कोंदट खोलीत दहा जणांबरोबर बसू नये. पण औषध नीट सुरू झाले की साधारणपणे काही आठवड्यांत त्याच्यापासून संसर्गाचा धोका जवळजवळ राहत नाही. त्याला रजा द्यावी, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की परत घ्यावे. त्याला कायमचे काढणे हा क्षयरोगावरचा उपाय नव्हे. उलट, नोकरी जाईल या भीतीने माणूस खोकला लपवतो, औषध लपवून घेतो किंवा घेतच नाही, आणि मग रोग खरोखरच पसरतो. भेदभावाने सार्वजनिक आरोग्याचे नुकसान होते ते असे.

साखर आटोक्यात असलेला मधुमेही, गोळीवर असलेला ब्लडप्रेशरचा पेशंट, एकदा अँजिओप्लास्टी होऊन बरा झालेला कारकून, यांच्याबाबतही हाच नियम. रोगाचे नाव ऐकून दचकायचे नाही. काम कोणते, आणि या माणसाला ते आज झेपते का, एवढेच तपासायचे.

आजचा कायदा

१९९७ चा निकाल सरकारी महामंडळाविरुद्ध होता. घटनेतली ती कलमे प्रामुख्याने सरकारला बांधतात, त्यामुळे माझ्या ओळखीच्या त्या मुलाला खाजगी कारखान्याविरुद्ध त्याचा थेट उपयोग झाला असता का, ही शंकाच आहे. ही उणीव २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने भरून काढली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि खाजगी मालकालाही बांधतो. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा :

१) नोकरी देण्याची अट म्हणून एच.आय.व्ही. तपासणी मागता येत नाही.

२) माणसाला समजावून, त्याची संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही.

३) एच.आय.व्ही. आहे म्हणून नोकरी नाकारणे किंवा काढून टाकणे हा भेदभाव आहे. हे संरक्षण बाधित व्यक्तीबरोबर राहणाऱ्या माणसांनाही आहे.

४) कामावरून काढायचेच असेल तर दोन कागद लागतात. पहिला, या माणसापासून इतरांना संसर्गाचा मोठा धोका आहे किंवा तो काम करण्यास असमर्थ आहे, असे पात्र आणि स्वतंत्र डॉक्टरांचे लेखी मत. दुसरा, त्याला सोयीचे काम देणे का जमत नाही, याचे मालकाचे लेखी निवेदन. दोन्हींच्या प्रती त्या माणसाला द्याव्या लागतात. डॉक्टरांचे मतच दिले नाही तर धोका नाही आणि माणूस सक्षम आहे, असे कायदा गृहीत धरतो.

५) शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमला पाहिजे. रुग्णालयांसाठी ही मर्यादा वीस आहे.

आणि औषधाचेही चित्र बदलले आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून निदान झाले की लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. गोळ्या नियमित घेणारा माणूस जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगतो. रक्तातले विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे.

आपण काय करावे?

फॉर्म भरताना प्रत्येक तपासणी कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा. विचारणे हा उद्धटपणा नाही. रिपोर्ट आधी तुमच्या हातात मिळायला हवा. कामावरून कमी केले तर कारण तोंडी ऐकून घरी येऊ नका, लेखी मागा. नेमणुकीचे पत्र, हजेरीचे कार्ड, पगाराच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद एका पिशवीत जपून ठेवा. कोर्टात रडण्यापेक्षा कागद जास्त बोलतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्न असलेले यांना तिथे मोफत वकील मिळतो. एच.आय.व्ही.बाबत काहीही विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत फोन क्रमांक आहे. नाव सांगावे लागत नाही.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून एक विनंती. मालकाने फी दिली तरी पेशंट हा पेशंटच असतो. मालकाला द्यायचे उत्तर एका ओळीचे आहे : अमुक काम करण्यास सक्षम आहे, किंवा नाही, किंवा अमुक काळजी घेऊन आहे. त्यापलीकडचे त्याच्या कपाटात जाता कामा नये.

त्या तरुणाच्या फॉर्मवर मी काय लिहिले, हे सांगायचे राहिले. 'लेथ मशीनवरील कामास शारीरिकदृष्ट्या सक्षम' असे लिहिले, आणि ते शंभर टक्के खरे आहे. तळाच्या ओळीवर आडवी काट मारली आणि बाजूला लिहिले, '२०१७ च्या कायद्यानुसार लागू नाही.' तो काळजीने म्हणाला, "डॉक्टर, काट पाहून त्यांना संशय येईल." मी टेबलाच्या खणातून त्याच आठवड्यात भरलेल्या दुसऱ्या फॉर्मची कोरी प्रत काढून दाखवली. गेली काही वर्षे मी ही ओळ सगळ्यांच्याच फॉर्मवर काटतो. ज्याला काही नाही त्याच्याही. एकट्याच्याच फॉर्मवर काट मारली असती तर तीच खूण ठरली असती.

तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला, "डॉक्टरसाहेब, शेवटचा रकाना राहिलाय."

"राहिला नाही, मी काटलाय."

"आमच्या साहेबांना लागतो."

"मग साहेबांना तसे पत्र पाठवायला सांगा. सही-शिक्क्यासह."

ते पत्र अजून आलेले नाही. मुलगा दुसऱ्या पाळीला जातो आहे. परवा सर्दीचे औषध न्यायला आला होता.

१९९८ साली तोच फोन, तोच प्रश्न होता. त्या दिवशी मी एक वाक्य कमी बोललो असतो तर आणखी एका घरात पगार येत राहिला असता. हे लिहून ती चूक पुसली जात नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या कारखान्यात किंवा तुमच्या दवाखान्यात असा फॉर्म आला, तर सही करण्यापूर्वी हे आठवावे, एवढ्यासाठी लिहिले.

(पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील लघवीची जळजळ – कारणे व घरगुती काळजी)